शेळ्या विकू, की पिंजऱ्याच्या अर्जावर सही करू?

पत्राचा सारांश: पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडे, उसाच्या पट्ट्यातल्या एका वस्तीवरून एका ताईंनी लिहिलं आहे. बचत गटाच्या कर्जातून घेतलेल्या दोन शेळ्यांपासून त्यांनी छोटासा कळप उभा केला. मुलीच्या कॉलेजचा खर्च त्यातूनच निघतो. गेल्या महिन्यात एका रात्री बिबट्या गोठ्यात शिरला, चार शेळ्या मारल्या, एक उसात ओढून नेली आणि तीन तिथंच टाकून गेला. सासऱ्यांनी उजाडताच तिन्ही पुरून टाकल्या. वनरक्षक तिसऱ्या दिवशी आले तेव्हा दाखवायला काही उरलं नव्हतं, त्यामुळे भरपाईही नाही. त्यानंतर पंधरवड्यानं भरदुपारी ओढ्याकाठी एक करडू मागच्या बाजूनं फाडलेलं सापडलं. आता धाकटे दीर म्हणतात, "पुढच्या वेळी जे उरेल त्यावर थिमेट टाकतो, एकदाचा विषय संपेल." थिमेट म्हणजे शेतातलं जहाल कीटकनाशक. सासूबाई म्हणतात, शेळ्या विकून टाक. पती कंपनीत कामाला, घरी येतात ते रविवारी. गावात पिंजऱ्याच्या मागणीच्या अर्जावर सह्या चालू आहेत. ताई विचारतात: शेळ्या विकू का? अर्जावर सही करू का? आणि दिरांच्या बाबतीत गप्प बसू का? शेवटी लिहितात, "शहरातल्या लोकांना बिबट्याचं कौतुक आहे. माझ्या शेळीचं कुणाला आहे?"

ताई,

तुमच्या शेवटच्या ओळीत राग आहे आणि तो रास्त आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते. बिबट्या जगला पाहिजे असं सगळा देश म्हणतो, आणि त्याचं बिल मात्र मोजक्या वस्त्यांच्या नावावर फाटतं. तुमच्या घरात तर ते तुमच्या एकटीच्या नावावर फाटलंय. ऊस सगळ्या घराचा, शेळ्या तुमच्या. म्हणूनच "विकून टाक" हे इतक्या पटकन निघतं. सासूबाईंच्या मनात वाईट आहे असं मी म्हणत नाही, त्यांना नातवंडांची धास्ती असणार. पण उसात बिबट्या दिसला म्हणून ऊस काढून टाका असं घरात कुणी म्हणालं का, एवढं एकदा विचारून बघा. मोठ्या आवाजात नको. जेवताना सहज.

आता तुमचे तीन प्रश्न. तिन्हींच्या तळाशी मला एकच समजूत दिसते: एक बिबट्या आहे, तो जंगलातून वाट चुकून आलाय, त्याला शेळीची चटक लागलीय, आणि तो गेला की प्रश्न मिटेल. पट्ट्यातली बहुतेक माणसं हेच धरून चालतात. यातला प्रत्येक तुकडा जरा तपासून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

वाट चुकण्याचं आधी. तुमच्याकडचा ऊस वर्ष-दीड वर्ष उभा असतो. आत गारवा, शेजारी पाटाचं पाणी, रानडुकरं, आणि वस्तीवस्तीवर कुत्री. बिबट्याच्या मादीला पिल्लं घालायला याहून निवांत जागा कुठली? तुमच्याकडच्या बिबट्यांतले कितीतरी जन्मालाच उसात आलेले आहेत. जंगल त्यांनी पाहिलेलंच नाही, तर त्यात परत कुठून जाणार? तुमच्या डोंगरापलीकडे, नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उसामळ्यांत कॅमेरे लावून बिबटे मोजले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दर १०० चौरस किलोमीटरला जवळपास ५ प्रौढ बिबटे निघाले, आणि तेही जिथं दर चौरस किलोमीटरला ३०० हून जास्त माणसं राहतात तिथं. म्हणजे तुमच्या शिवारात "तो एक" नाही. एक नर, त्याच्या हद्दीत एखाददोन माद्या, त्यांची पिल्लं, आणि मधूनच फिरणारे तरणे बिबटे, ज्यांना अजून हद्द मिळालेली नाही.

म्हणूनच पिंजऱ्याचा अर्ज मला पटत नाही. पिंजऱ्यात बोकड बांधला की जो पहिला येईल तो सापडतो. तो तुमच्या शेळ्या नेणारा असेलच असं नाही. उसात पिल्लं ठेवून निघालेली आईही असू शकते. बरं, सापडलाच तर पुढं काय? हद्दीतला बिबट्या हलवला की त्या जागेचं एसटीतल्या खिडकीच्या जागेसारखं होतं, उभे असलेले टपूनच असतात. नवा येतो तो बहुधा तरणा, बिथरलेला, शिवाराची माहिती नसलेला. कुठली वस्ती कधी जागी असते, कुठल्या वाटेनं माणसं जातात, हे जुन्याला ठाऊक असतं आणि तो ते टाळत असतो. नव्याला हे सगळं नव्यानं शिकावं लागतं, आणि त्याच्या शिकण्याची किंमत वस्त्यांना मोजावी लागते.

हा प्रयोग तुमच्याच भागात होऊन गेलाय. जुन्नर वन विभागात १९९३ ते २००१ या काळात बिबट्यानं माणसावर हल्ला करण्याच्या घटना वर्षाला सरासरी ४ होत्या. मग बिबटे पकडून दूर सोडण्याचा धडाका लागला. २९ बिबटे सरासरी ४० किलोमीटरवरच्या जंगलांत नेऊन सोडले. २००१ ते २००३ या काळात हल्ल्यांची सरासरी वर्षाला १७ वर गेली, आणि हल्ल्यांत माणूस दगावण्याचं प्रमाण १८ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर पोचलं. हल्ले जिथं बिबटे सोडले त्या बाजूलाही झाले. पकडताना त्यातले बिबटे माणसावर गेलेले नव्हते, वस्तीजवळ दिसले एवढंच त्यांचं निमित्त होतं. शिवाय सोडलेला बिबट्या सोडल्या जागी थांबतो असंही नाही. २००९ मध्ये नगर जिल्ह्यातल्या टाकळी ढोकेश्वरजवळ विहिरीतून काढलेल्या एका बिबट्याला गळ्यात पट्टा घालून माळशेज घाटात सोडलं, तर तो रेल्वे, महामार्ग ओलांडत सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाकडे पोचला.

एक गोष्ट मात्र वेगळी ठेवते. बिबट्या माणसावर जाऊ लागला, एकाच टापूत पुन्हा पुन्हा, तर तिथं पिंजरा लागलाच पाहिजे आणि लवकर लागला पाहिजे. त्यात मी बिबट्याची बाजू घेणार नाही. कायद्यातही ही रेघ स्पष्ट आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार बिबट्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात जास्त संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत येतो. माणसाच्या जिवाला तो धोकादायक झाला, किंवा बरा न होण्याइतका जायबंदी वा आजारी असला, तरच मुख्य वन्यजीव रक्षक त्याच्याविरुद्ध कारवाईची परवानगी देऊ शकतात. शेळ्या मारल्या, एवढ्या कारणावर नाही. त्यामुळे तुमच्या गावचा अर्ज बहुधा कुठल्यातरी टेबलावर पडून राहील, आणि "सरकार काही करत नाही" हे म्हणायला आणखी एक निमित्त मिळेल.

आता चटक. याच अकोले तालुक्यात बिबट्यांच्या विष्ठेवरून त्यांचं खाणं तपासलं गेलं. खाण्याच्या वजनात ८७ टक्के वाटा पाळीव आणि वस्तीतल्या जनावरांचा निघाला, तुमचा संशय खोटा नाही. पण त्यात सगळ्यात वर कोण? कुत्रं, ३९ टक्के. शेळी ११ टक्के. आणि त्या भागात शेळ्या कुत्र्यांच्या सातपट होत्या! शेळी कुत्र्यापेक्षा कमी चविष्ट असते असं काही नाही. कुत्रं रात्री मोकळं असतं आणि शेळी बहुतेक घरांत कोंडलेली असते, फरक एवढाच. बिबट्या सोपं असेल ते खातो. तुमचा गोठा त्या रात्री सोपा होता.

हे वाचून वाईट वाटेल, कारण त्यात दोष तुमच्या माथी आल्यासारखं होतं. तसं नाही. बिबट्या हा तुमच्या हातातला भाग नाही, वनखात्याच्याही फारसा हातात नाही, गोठा मात्र आहे, म्हणून त्याकडे बोट दाखवते.

चार मारल्या आणि नेली एकच, म्हणजे तो मारायचं म्हणूनच मारतो, असं दीर म्हणाल्याचं तुम्ही लिहिलंय. मोकळ्या रानात पहिलं जनावर पडलं की बाकीचा कळप उधळतो आणि शिकार तिथं संपते. कोंडलेल्या जागी शेळ्यांना पळता येत नाही, त्या त्याच्याच अंगावरून धडपडतात, आणि समोर हालचाल दिसत राहिली की तो पंजा मारत राहतो. कोंबड्यांच्या खुराड्यात शिरलेलं मांजरही तेच करतं. राग किंवा सूड यात नाही. पण यातून एक उपयोगाचं निघतं: अर्धवट बंद गोठा हा उघड्या गोठ्यापेक्षा वाईट. बिबट्याला आत येता येतं आणि शेळीला बाहेर जाता येत नाही, तुमची रचना नेमकी तशी आहे.

तुमच्या वर्णनावरून गोठ्याला कमरेएवढी विटांची भिंत आहे, वर पत्रा, आणि मधे दोन-अडीच फूट मोकळं. तो तिथूनच आला. त्या मोकळ्या भागाला चारही बाजूंनी लोखंडी जाळी बसवा, भिंतीपासून थेट पत्र्यापर्यंत. जाड तारेची, वेल्ड केलेली किंवा विणलेली चालेल. कोंबड्यांसाठी मिळते ती पातळ षटकोनी जाळी अजिबात नको, बिबट्या ती पंज्यानं उसवतो. जाळी नुसत्या खिळ्यांनी लाकडाला ठोकू नका, लोखंडी चौकटीत घ्या. पत्रे हुकांनी घट्ट आवळलेले हवेत, कारण भिंतीवरून जमलं नाही तर तो छपरावरून बघतो. दगड ठेवून दाबलेला पत्रा म्हणजे उघडं दार. दाराची तळाची फट बुजवा आणि कडीला खिट्टी लावा, धक्क्यानं निसटणारी कडी कामाची नाही. जाळी लागल्यावरही शेळ्या जाळीला अंग घासून उभ्या राहणार नाहीत असं बघा, पंजा आत येऊ शकतो. आतल्या बाजूनं हातभर अंतरावर एक आडवा बांबू बांधला तरी काम होतं.

घाबरून गोठा विटांनी पूर्ण बंद करणारे खूप भेटतात. ते करू नका. शेळीला वारा लागतो. मुताचा वास आत कोंडला की आठ-पंधरा दिवसांत कळप खोकायला लागतो, करडं फुप्फुसाच्या आजारानं जातात, आणि मग बिबट्यानं नेल्या त्याहून जास्त आपणच घालवतो. सकाळी दार उघडल्यावर तुमचे डोळे चुरचुरले तर हवा कमी पडते आहे असं समजा.

आणि ते हत्ती गवत! गोठ्याच्या मागेच लावलंय असं तुम्ही जाता जाता लिहिलंय. सोयीचं आहे, मान्य. पण पुरुषभर उंचीचं दाट गवत गोठ्याला टेकून असेल तर बिबट्याला उसातून थेट भिंतीपर्यंत आडोसा मिळतो. ते पलीकडच्या बांधाला हलवा आणि गोठ्याजवळ लसूणघास किंवा कांद्यासारखं बुटकं काहीतरी घ्या. शेजाऱ्यांचा ऊस तुमच्या अंगणापासून दहा-बारा फुटांवर असेल तर पुढच्या लागणीच्या वेळी दोन-चार सऱ्या मोकळ्या सोडायला विनंती करून बघा. अवघड आहे, सरी म्हणजे पैसा. पण त्यांचीही पोरं त्याच अंगणात खेळतात ना?

दिव्यांवर फार विसंबू नका. दिवा असावा, पण तो मुख्यतः तुम्हाला दिसावं म्हणून. एकाच जागी रोज जळणाऱ्या दिव्याला बिबट्या काही दिवसांत सरावतो. लुकलुकणारे सौर दिवे लावले तर त्यांच्या जागा बदलत राहा. राखणीचं कुत्रं रात्री बाहेर साखळीला बांधणं म्हणजे बिबट्याला ताट वाढून ठेवणं, त्यालाही शेळ्यांबरोबर आत घ्या. आत असलं तरी ते भुंकतं, आणि तेवढंच काम त्याच्याकडून हवंय.

ओढ्याकाठच्या करडाबद्दल मला शंका आहे. भरदुपारी, मागच्या बाजूनं फाडलेलं, ठिकठिकाणी चावे, आणि तिथंच टाकलेलं. बिबट्या बहुधा मानेला किंवा गळ्याला धरतो, सुळ्यांची खोल भोकं दिसतात, आणि शिकार ओढत आडोशाला नेतो. मांड्या, शेपटी, पोट फाडणं ही मोकाट कुत्र्यांची रीत. ठशांवरूनही कळतं: कुत्र्याच्या पावलात नखं उमटतात, बिबट्याची नखं आत ओढलेली असतात. तुमच्या ओढ्यात कुणी पोल्ट्रीतल्या मेलेल्या कोंबड्या टाकतं का? टाकत असेल तर कुत्र्यांची टोळी तिथंच पोसली जातेय, आणि त्या कुत्र्यांमागे बिबट्या येतोय. दोन्ही गुन्हे एकाच्या नावावर चढवले की हे दिसत नाही.

म्हणून अर्जाबद्दल माझं उत्तर असं: सही करायला नकार देऊन गावात वाकडेपणा घेऊ नका, अर्जातला मजकूर बदलून मागा. मेलेल्या कोंबड्या खड्ड्यात पुरण्याची सक्ती, मोकाट कुत्र्यांचा बंदोबस्त, वस्तीच्या वाटेवर दिवे, गोठ्यांच्या जाळीसाठी किंवा सौर कुंपणासाठी वनखात्याकडे काही योजना चालू असेल तर तिच्यात गावाचं नाव, आणि शेतीला दिवसा वीज. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. रात्री दोन वाजता उसाला पाणी द्यायला, दारं धरायला एकटा माणूस जातो तो हौस म्हणून नाही, वीज तेव्हाच येते म्हणून. बचत गटातल्या दहा बायका या अर्जावर सह्या करून ग्रामसभेत उभ्या राहिल्या तर सरपंचांना तो वाचावा लागेल.

आता दीर. इथं मी तुम्हाला गप्प बसा असं सांगणार नाही, आणि लगेच तक्रार करा असंही नाही.

मेलेल्या शेळीवर विष टाकलं तर ते खायला पहिला बिबट्याच येईल याची खात्री कोण देणार? कुत्री येतील, कावळे येतील, मुंगूस येईल, शेजाऱ्यांचं मांजर येईल. त्याच ओढ्याचं पाणी तुमच्या शेळ्या पितात. बिबट्यानं खाल्लंच तर तो तिथं कोसळत नाही, उसात जातो. तळमळणारा बिबट्या उसात असताना सकाळी कुणीतरी पाचट काढायला आत शिरणार, आणि ते कुणीतरी तुमच्याच घरातलं असू शकतं. मेलाच तर ऊसतोडीत किंवा वासावरून सापडतो, शवविच्छेदन होतं, आतडी तपासणीला जातात आणि विष निघतं. आधीच्या शेळ्या कुणाच्या गेल्या हे अख्ख्या गावाला माहीत असतं. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या शिकारीला किमान ३ आणि कमाल ७ वर्षं कैद आहे, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर दंड किमान २५ हजार रुपये. राहिली थिमेटची गोष्ट. त्यातलं फोरेट हे औषध २०२० च्या अखेरीपासून देशात बंद आहे. तो जुना डबा घरात ठेवणंच धोक्याचं. कृषी सहायकांना विचारून त्याची विल्हेवाट लावा, ओढ्यात किंवा चुलीत टाकू नका. कुंपणाच्या तारेत थेट वीज सोडण्याचा विचार कुणाच्या मनात आला तर त्यालाही हेच लागू. त्या तारेला पहिला हात पाणी भरायला निघालेल्या माणसाचाच लागतो.

दिरांशी बोलताना "बिचारा मुका प्राणी" या सुरात बोलू नका. ते चिडतील, आणि त्यांचं चुकणारही नाही. तुरुंगाचं बोला, कुत्र्याचं बोला, पोरांचं बोला. ते कुणाचं ऐकतात? मामांचं, एखाद्या मित्राचं, तुमच्या पतीचं? रविवारी पती घरी असताना विषय काढा, म्हणजे तो वहिनी-दिरांचा वाद राहणार नाही. आणि तरीही ऐकत नसतील, तर पुढच्या घटनेनंतर एकच करा: वनरक्षकांना फोन करून सांगा की बिबट्या मारलेल्या जागी परत येतो, आज रात्री गस्त हवी, आणि पंचनामा झाला की मेलेलं जनावर खोल खड्ड्यात पुरायला मदत हवी. कुणाचं नाव घ्यावं लागत नाही, आणि विष टाकायला काही शिल्लकही राहत नाही. पहिल्या दोन-तीन रात्री तो खरंच परत येतो, त्यामुळे ही मागणी खोटीही नाही.

पंचनाम्याचं नीट लक्षात ठेवा, कारण तुमचे पैसे तिथंच बुडाले. घटना कळल्यापासून ४८ तासांच्या आत जवळच्या वन कर्मचाऱ्याला कळवायचं असतं. वनरक्षकांचा फोन लागला नाही तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर नोंद करा, म्हणजे कळवल्याची वेळ राहते. पंचनामा होईपर्यंत जनावर हलवायचं नाही, पुरायचं नाही, फार तर वर ताडपत्री टाकून कुत्र्यांपासून राखायचं. मोबाइलवर फोटो काढा: जनावर, मानेवरच्या दातांच्या खुणा, ओढत नेल्याची खूण, गोठ्यात शिरल्याची जागा. ठसा दिसला तर त्यावर घमेलं पालथं घाला, तो टिकतो. पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांचा दाखला लागतो, आधार आणि पासबुकाच्या प्रती लागतात. बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा शासनानं ठरवलेली कमाल रक्कम, यातलं जे कमी ते मिळतं. ती कमाल रक्कम मधूनमधून वाढते, म्हणून सध्याचा आकडा वनपालांकडून विचारून घ्या.

या भरपाईत गाभण शेळीच्या पोटातली करडं धरत नाहीत, दूध धरत नाहीत, तुमचं वर्ष धरत नाहीत. त्यामुळे उरलेल्या शेळ्यांचा विमा उतरवता येतो का ते पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा, सरकारी अनुदानाची योजना असते. कानात बिल्ला मारलेला असला की शेळी कुणाची, कुठल्या वयाची, यावर वाद होत नाही. आणि हे सगळे कागद तुमच्या नावावर करा. बचत गटाचं कर्ज तुमच्या नावावर आहे, तर पासबुकही तुमचंच असू द्या.

माणसांच्या बाबतीत थोडंच सांगते, कारण तुम्हाला ते माझ्यापेक्षा जास्त कळतं. मुलगी तिन्हीसांजेला बसथांब्यावरून एकटी चालत येते असं लिहिलंय, ते आधी बंद करा. कुणीतरी आणायला जाऊ द्या, हातात बॅटरी, फोनवर मोठ्यानं गाणं. अंधारात उसाच्या कडेला वाकून किंवा बसून काम नको, बसलेला माणूस बिबट्याला लहान जनावरासारखा दिसतो. बिबट्या दिसलाच तर पळू नका, त्याच्याकडे तोंड ठेवून मोठ्यानं बोलत मागे सरका. आणि ऊसतोडीत पिल्लं सापडली तर उचलून घरी आणू नका, त्यांच्याभोवती गर्दी करून फोटो काढत बसू नका. काम थांबवा, वनखात्याला बोलवा. पिल्लं सापडल्या जागीच सुरक्षित ठेवली तर बहुतेक वेळा आई रात्रीत येऊन घेऊन जाते. पिल्लं गमावलेली मादी शिवारात फिरत राहणं कुणालाच परवडणारं नाही.

राहिला पहिला प्रश्न, विकण्याचा. आत्ता विकू नका. घाबरलेल्या माणसाची शेळी व्यापारी पडत्या भावात घेतो, हे तुम्हालाही माहीत आहे. फार तर बोकड आणि म्हाताऱ्या शेळ्या काढा, त्या पैशातून जाळी करा, आणि पाठी (तरण्या माद्या) व दुभत्या शेळ्या ठेवा. जागा अपुरी असेल तर मोठ्या अर्धवट गोठ्यापेक्षा सगळ्या शेळ्या जेमतेम मावतील एवढा पक्का गोठा चांगला. जाळी लावून एक हंगाम काढा आणि मग ठरवा. तेव्हाही विकावंसं वाटलं तर जरूर विका, पण तो निर्णय तुमचा असू द्या.

जाळीचं काम दिरांना सांगा. त्यांनी थिमेटचं नाव काढलं कारण त्या रात्री त्यांना काहीच करता आलं नाही. पत्रात तुम्ही म्हणता की ट्रॅक्टरची डागडुजी ते स्वतःच करतात. मग चौकट मापून जाळी बसवणं त्यांना अवघड नाही, आणि कडी नीट लागते का हे रात्री दोनदा उठून तपासणारेही तेच असतील.

फक्त हे ऊसतोडणीची टोळी यायच्या आत व्हायला हवं. ऊस तुटायला लागला की आडोसा जातो, बिबटे एका फडातून दुसऱ्या फडात सरकतात आणि वस्त्यांजवळ जास्त दिसतात. आणि हंगाम सुरू झाला की गावातले वेल्डर गाड्या-ट्रॉल्यांच्या कामात अडकतात, तेव्हा चौकटी करायला याच आठवड्यात सांगून ठेवा.